ॲल्युमिनियमची होडी आणि भोकाचा पैसा

होडी फायबरची घ्यायची की ॲल्युमिनियमची, असं तांडेलांनी मला विचारलं तेव्हा मी हातातलं ताट खालीच ठेवलं. मी परभणीकडचा. आठवीत शाळा सुटली. पोहायला मला आजही येत नाही. होडीतलं मला काय कळणार? पण ठाण्यातल्या कोलशेतला खाडीकाठी त्यांच्या घराच्या मागच्या खोलीत मी भाड्याने राहायचो आणि जवळच्या एका शेडमध्ये ॲल्युमिनियमच्या टाक्यांचं वेल्डिंग करायचो. तेवढ्यावरून त्या घरातला जाणकार मीच ठरलेलो.

तांडेल म्हणजे होडीवरचा म्होरक्या. यांच्या हाताखाली माणूस एकच, सख्खा धाकटा भाऊ. तरी सगळा कोळीवाडा त्यांना तांडेलच म्हणायचा. त्यांच्या बायकोला मी मावशी म्हणायला लागलो ते कावीळ झाली तेव्हापासून. ठाण्यात येऊन वर्षही झालं नव्हतं. मासळीचा नुसता वास आला तरी मला उमासे यायचे. मावशीने तीन आठवडे घरात मासळी तळली नाही. कोळ्याच्या घरात, एका भाडेकरूसाठी. तांडेल भावाच्या घरी जाऊन बोंबील खाऊन यायचे आणि मिशी पुसत माझ्या उशाशी बसायचे. बरा झाल्यावर मी घरी पत्र टाकलं. आईने कुणाकडून तरी उत्तर लिहवून घेतलं, त्या बाईच्या पाया पड म्हणून. मला लाज वाटली. आज पडू, उद्या पडू करत ते राहून गेलं.

म्हणून त्या घरातल्या प्रश्नाला चुकीचं उत्तर द्यायची मला धास्ती होती. साधा बल्ब आणायला सांगितला तरी मी दोनदा विचारून घ्यायचो. इथे तर होडी होती. जुनी लाकडी होडी बुडातून किड्यांनी पोखरलेली. ओहोटीला ती चिखलात बसली की तांडेल कापूस आणि तेल घेऊन तिच्या फटी भरत बसायचे, आणि भरतीला पाणी दुसरीकडून आत यायचं. ती बांधणारा सुतार आता नव्हता आणि तसं लाकूडही मिळत नव्हतं. दुसरी होडी घेतली आणि ती फसली, तर तिसरी घेण्याची ताकद त्या घरात नव्हती. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी त्याच भिंतीला टेकून जेवत होतो.

आधी फायबर बघायला गेलो. शीळफाट्याच्या पुढे एक जण पत्र्याच्या छपराखाली फायबरच्या होड्या बनवायचा. साच्यात होडी पालथी पडलेली, आणि त्या रसायनाचा वास असा की डोळ्यांना पाणी. तो माणूस तांडेलांना म्हणाला, "काका, ह्याला गंज नाही, कीड नाही. नातवंडं चालवतील."

तांडेलांनी बोटाच्या पेरांनी होडीवर टकटक केलं, कान लावला. "आन दगरावर बसली त?"

"तडा गेला तर पॅच मारायचा. सोपं आहे. फक्त जागा एकदम कोरडी पाहिजे."

"खारीत सुका कं रहतं रं?" तांडेल म्हणाले. तो माणूस हसला, तांडेल हसले नाहीत. तरी होडी त्यांना आवडलेली. परत येताना बसमध्ये ते हाताचा वास घेऊन बघत होते. "गुलगुलीत हाय," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आमच्या शेडमध्ये. आमचे साहेब शिकलेले, डोंबिवलीहून स्कूटरवर यायचे, कामगारांशीही पुस्तकातल्यासारखं बोलायचे. ते म्हणाले, "टाकी बनवतो तशी नाव बनवू, त्यात काय एवढं! वजनाला हलकी होईल, चिखलातून दोघांना ओढता येईल. आपटली तर पोचा पडेल, फुटणार नाही. पोचा ठोकून काढता येतो."

तांडेलांनी उन्हात पडलेल्या पत्र्यावर हात ठेवला आणि झटकन काढला. "हा तवा झाला. दुपारची भाकर हिच्यावरच भाजू का?" मग पत्र्यावर एक काठी आपटली. "आन वल्हा लागला की घंटा. मासा बोलंल, आरती हाय वाटतं."

कोळीवाड्यात तेवढ्यात बातमी झाली. धक्क्यावर जाळी विणत बसलेले लोक मला बघून बोलायचे, "घाट्या, तांडेलाला डब्यान बसवतंस का? झाकन पन दे रं वरून!" मी हसायचो आणि खोलीत येऊन घाम पुसायचो. मी ॲल्युमिनियम सुचवलं तर आपल्या शेडचं काम म्हणून सुचवलं असं होणार. फायबर म्हणालो तर साहेब काय म्हणतील? काहीच बोललो नाही तर जेवलेल्या घराचं तोंड चुकवल्यासारखं. सगळीकडून मीच सापडणार.

शेवटी तांडेल म्हणाले, "मानसांना कं इचारायचा? पान्यालाच इचारू."

त्यांची रीत साधी होती. दोन्हींचे हाताएवढे तुकडे घ्यायचे, जाळ्याच्या खुंटाला बांधून खाडीत सोडायचे. एका अमावस्येला सोडायचे, दुसऱ्या अमावस्येला काढायचे. कारखान्यांचं पाणी, खारं पाणी, गाळ, जे काय आहे ते त्या तुकड्यांनी सोसून दाखवायचं. फायबरचा तुकडा शीळफाट्याहून मिळाला. ॲल्युमिनियमचा मी कापला, कडा घासल्या, भोक पाडलं. बांधायला लोखंडी तार नको, गंजेल, म्हणून शेडमधल्या जळलेल्या मोटरच्या कॉइलची तांब्याची तार घेतली. फायबरला सुतळी, ॲल्युमिनियमला तांबं. आपल्या तुकड्याची जरा जास्तच काळजी घेतली, असं म्हणा.

महिन्याने ओहोटीला आम्ही चिखलातून खुंटापर्यंत गेलो. फायबरवर शेवाळ, दोन-चार बारीक शिंपल्या. पुसलं की पुन्हा गुळगुळीत. ॲल्युमिनियम मात्र तारेभोवती कुरतडल्यासारखं झालेलं. भोक अंगठा जाईल एवढं मोठं झालं होतं, आणि कडा ओल्या बिस्किटासारख्या बोटाने तुटत होत्या.

"खाल्ला," तांडेल म्हणाले. "पान्यान सांगला."

खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. फायबर ठरलं, आपण मोकळे. तो तुकडा मी तसाच शेडमध्ये घेऊन गेलो आणि साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो उलटसुलट केला आणि विचारलं, "कशाने बांधला होतास?"

"तांब्याच्या तारेनं."

ते एवढ्या जोरात हसले की बाहेरचं ग्राइंडर थांबलं. "अरे, तू बॅटरी केलीस की! तांबं, ॲल्युमिनियम आणि मध्ये खारं पाणी. तांबं बसून राहतं आणि ॲल्युमिनियमला खातं. पाण्याने नाही खाल्लं, तुझ्या तारेने खाल्लं."

त्या दिवशी मी कोलशेतच्या रस्त्यावर दोन फेऱ्या मारल्या. गप्प बसलो असतो तर चाललं असतं. फायबरची होडी आली असती, बरी चालली असती, मला कुणी काही म्हणालं नसतं. पण माझ्या तारेमुळे तांडेल खोट्या उत्तरावर होडी घेणार होते. घरी जाऊन सांगितलं. तांडेलांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मंग परत सोर. नायलॉनच्या दोरीन."

पुढच्या अमावस्येला तुकडा नुसता मळका होऊन निघाला. राखेने घासला तर चकचकीत. तांडेलांनी तो दाताने चावून बघितला. "हलकी हाय. माझे गुडघे आता चिखलान भारी होरी ओरत नाहीत. ॲल्युमिनियमचीच कर." आणि मग जाता जाता, "तुज्या भरवशावर हां."

ते शेवटचं वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. होडी मीच वेल्ड केली. एकेक सांधा तीनतीनदा तपासला, रॉकेल लावून, पलीकडून खडू फासून, कुठे ओल फुटते का बघत. साहेब म्हणाले, "अरे बास, चंद्रावर जायचंय का हिला?"

नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात घालायची ठरली. कोळीवाडा जमला. हार घातला, कुंकू लावलं, मावशीने नारळ वाढवला. मग तिने कमरेच्या पदराची गाठ सोडली आणि त्यातून एक काळपट नाणं काढलं. जुना तांब्याचा पैसा, मधोमध भोक असलेला. सासऱ्याच्या होडीपासूनचा. दर होडीच्या नाकाला आतून त्या भोकात खिळा मारून तो ठोकायचे. होडी मोडली की काढून घ्यायचे आणि पुढच्या होडीला ठोकायचे. मावशी माझ्याकडे वळली. "हिला खिला चालंल नाय. तू बांधलीस, तूच लाव."

माझ्या हातात तांबं. समोर ॲल्युमिनियम. खाली खारं पाणी. मला सगळं माहीत होतं. त्या सगळ्या गर्दीत हे माहीत असलेला मी एकटाच होतो.

"मावशी, हे..." मी म्हणालो.

"कं?"

मागून कुणीतरी ओरडलं, "घाट्या, भरती थांबनार नाय तुजेसाठी!" सगळे हसले. मावशीच्या डोळ्यांत आनंदाने पाणी होतं. सासऱ्याचं नाणं नको असं या बाईला मी सांगायचं? ज्या घरात मी कोण, तर मागच्या खोलीतला?

"काही नाही," मी म्हणालो आणि रिव्हेट मारून पैसा नाकाच्या पट्टीवर बसवला. टाळ्या पडल्या.

होडी छान चालली. चिखलावरून दोघं भाऊ ती सहज ओढायचे. तळाशी फळ्या टाकल्यावर आवाजही कमी झाला. धक्क्यावरचे चिडवणारे आता तिला बोटाने टोचून बघायचे. मी मात्र रोज शेडमध्ये जायच्या आधी होडीकडे जाऊन हाराखालचं नाणं बघायचो. मनाला समजावायचो की ते वर आहे, पाण्याच्या रेषेच्या वर. पण होडीच्या नाकावर पाणी उडतं, आणि ते खारंच असतं. दोन आठवड्यांत नाण्याच्या कडेने पांढरी पूड दिसायला लागली. मी नखाने काढायचो, दुसऱ्या दिवशी पुन्हा. वेल्डिंग करताना काचेतून ठिणग्यांच्या जागी मला तो पैसाच दिसायचा. एकदा हात भाजला, एकदा टाकीचा सांधा वाकडा गेला.

शेवटी एका दुपारी होडी चिखलात बसलेली, मावशी बाजारात, तांडेल झोपलेले. मी हातड्रिल घेऊन गेलो आणि रिव्हेट उडवून नाणं काढलं. पट्टीला राहिलेलं भोक हाराखाली झाकलं. नाणं शर्टात गुंडाळून माझ्या ट्रंकेत ठेवलं. होडी वाचली, असं स्वतःला म्हणालो.

आणि मग दुसरंच सुरू झालं. माझा विश्वास आहे की नाही हा प्रश्न नव्हता. त्यांचा होता, आणि तो मी काढून घेतला होता. तांडेलांना परतायला जरा उशीर झाला की मी काम टाकून धक्क्यावर. रेतीच्या बार्जने धक्का दिला असेल का, वारं फिरलं का. मला तिथे उभा बघून मावशी म्हणाली, "तू कवापासून तांडेलाची वाट बगाला लागलास रं? मी पन एवरी नाय बगत." बायका हसल्या. पण मला वाटलं, ती माझ्याकडे जरा वेळ जास्तच बघत राहिली. त्या दिवसांत ती माझ्याशी जपून बोलायची. ताट वाढताना नेहमीसारखी थट्टा नाही. मला वाटायचं, माझ्याच मनाचे खेळ.

पावसाळा सरून दिवाळी होऊन गेली. एक दिवस तांडेल खाडीवरून आले आणि पाय धुता धुता म्हणाले, "हिच्या नाकान पानी येतं. थोरा थोरा. बग जरा."

सांधा माझा. रॉकेल लावून तपासलेला. की नाणं काढलं म्हणून? एवढे दिवस शहाणपणाने वागलेलं डोकं तेव्हा काहीही विचार करत होतं. एक मात्र कळलं, की आता हे माझ्याच्याने पेलत नाही. ट्रंक उघडली, नाणं घेतलं आणि मागच्या अंगणात गेलो. मावशी चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, साफ करत होती.

"मावशी, हा पैसा मी काढला होता. नारळी पौर्णिमेनंतर. तुला न विचारता."

तिने वर बघितलं. दचकली नाही. "मना म्हाईत हाय."

"काय?"

"पुनवेला हार बदलाला गेली त पैसा नाय. रिवेट कोन कारनार? तुजेशिवाय कोनाकरे मशीन हाय?" ओल्या हाताने तिने नाणं घेतलं. "मना वाटला, तुना गरज परली असंल. जुने पैशाला म्हनं लोक किंमत देतान. तुजे आवशीला पाठवाला नेला असशील."

तीन महिने ती मला चोर समजत होती आणि तीन महिने जेवायला वाढत होती.

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हनून थांबली."

"मावशी, मी विकायला नाही गं काढला! तांबं ॲल्युमिनियमला खातं. खाऱ्या पाण्यात ठेवलं की भोक पडतं. म्हणून काढला. होडी वाचावी म्हणून."

तिच्या हातातली चिंबोरी टोपलीत पडली. "खातं म्हंजे?" आणि मग एकदम हळू आवाजात, "आरं, मंग मी ठेवल्यान ते?"

"काय ठेवलंस?"

"होरी मोकली कशी ठेवायची? ढब्बू पैसे व्हते घरान. चार. नाकाचे फलीखाली ठेवल्यान."

ढब्बू पैसाही तांब्याचाच, आणि भोकाच्या पैशापेक्षा किती मोठा! आणि फळीखाली, जिथे होडीतलं सगळं पाणी साचतं. मी वरची पट्टी वाचवून खूश होतो आणि खाली बूड शिजत होतं.

आम्ही दोघं चिखलातून होडीकडे धावलो. फळी उचलली. खाली पांढरा लगदा, दह्यासारखा. मावशीने त्यात हात घालून पैसे काढले. पैशांच्या जागी पत्र्याला खळगे पडलेले. एका खळग्याच्या तळाशी सुईच्या टोकाएवढं भोक, त्यातून चिखलाचं पाणी बुडबुडत होतं. शेडमधून परत आणून खोलीत ठेवलेला तो पहिला तुकडा मी घेऊन आलो, तारेने खाल्लेला. मावशीने त्याच्या भोकात अंगठा घातला, काढला, पुन्हा घातला.

"म्हंजे भोक मी पारला," ती म्हणाली.

"नाही, मी. तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. पूजेच्या वेळीच."

"तू कसा? पैसे मी ठेवले."

"पण मला माहीत होतं ना!"

आमचा आवाज ऐकून तांडेल चिखल तुडवत आले. पंचा खांद्यावर, नुकतेच आडवे झालेले ते उठून आलेले. दोघांचं ऐकून घेतलं, वाकून भोक बघितलं आणि म्हणाले, "सुईएवरा भोक, आन त्याला भांडनारी मानसां दोन. न्या आता शेरमदी. उद्या मना जायचा हाय."

उद्या जमलं नाही, दोन दिवस लागले. खळगे पडलेला सगळा भाग कापून नवा पत्रा बसवला. साहेब स्वतः उभे राहिले. त्यांना मी नाण्यापासूनची सगळी हकिगत सांगितली तेव्हा ते हसले नाहीत. "शिकलेल्यांनाही हे सांगायला जड गेलं असतं," एवढंच म्हणाले. मावशीही आलेली. पहिल्यांदाच शेडमध्ये. वेल्डिंगच्या उजेडाकडे बघू नकोस म्हटलं की पदर डोळ्यांवर घ्यायची आणि फटीतून बघायची.

पुढे नव्वद सालानंतर त्या धक्क्यावर फायबरच्या होड्याच जास्त आल्या. लोक मला विचारायला यायचे, कोणती बरी? मी आधी विचारायचो, पूजेचं नाणं कुठे ठेवता? त्यांना वाटायचं, घाट्या टाळतोय.

पण तेव्हा, दुरुस्त केलेली होडी पुन्हा पाण्यात घालायची त्या सकाळी नाण्याचा प्रश्न निघालाच. तांडेल म्हणाले, घरात देवापाशी ठेव. मावशीला ते पटेना. ती जरा वेळ नाण्याच्या भोकाकडे बघत राहिली, मग नवऱ्याच्या कमरेचा पंचा सरळ बाजूला सारला आणि आतल्या करगोट्याच्या दोऱ्यात नाणं ओवून गाठ मारली. "होरीला चालत नाय त होरीवाल्याला."

"मना या वयान बारशाला बसवतंस का?" तांडेल ओरडले. पण गाठ सोडली नाही. होडी ढकलली, वर चढले, आणि कंबर चाचपत वल्हं हातात घेतलं.

होडी लांब गेली. मी आणि मावशी चिखलात उभे, घोट्याएवढ्या. मी वाकलो.

"कं परला रं खाली? नट?" ती म्हणाली.

माझ्या तोंडात 'काही नाही' आलेलं. तेच दोन शब्द.

"पाया पडतोय मावशी. आईने सांगितलेलं, कावीळ झाली तेव्हा. राहून गेलेलं."

"चिखल हाय आरं, हातभर," ती म्हणाली, आणि पाय मागे घ्यायला गेली, पण ते गाळात रुतले होते.